फलाट सहाच्या आधी

माझा दम्याचा निळा पंप हातातून सुटला आणि टक-टक करत पायऱ्या उतरत गेला. मी अकराव्या पायरीवर कठडा धरून उभी होते. त्याच्या मागे जाण्याइतका दम माझ्यात नव्हता. खाली एका ड्रायव्हरच्या बुटाला लागून तो थांबला.

त्याने पंप उचलला, रुमालाने पुसला. हे काय आहे, असं विचारलं नाही. बहुतेक लोक विचारतात. अकरा पायऱ्या चढून वर आला, पंप माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे पाठ करून भिंतीवरचं जुनं वेळापत्रक वाचत उभा राहिला. बाहेर पावसाची भुरभुर होती. त्याच्या खाकी खांद्यावर थेंब होते, आणि वेळापत्रक तर दोन वर्षांपूर्वीच बदललं होतं.

मी एक फवारा घेतला. थांबले. दुसरा घेतला. छातीतली शिट्टी हळूहळू बारीक झाली.

"होऊ द्या सावकाश," तो भिंतीलाच म्हणाला. "तुम्ही बोलल्याशिवाय गाड्या सुटत नाहीत."

मी कोण ते तुम्हाला कसं माहीत, असं मी विचारलं. तो वळला. चेहरा साधाच, डोळ्यांखाली जागरण.

"या आवाजाने मला रोज सकाळी सात-दहाला हाकलून दिलंय, बाई. ओळखणार नाही का?"

बसस्टँडवर घोषणा करायची खोली वरच्या मजल्यावर होती. बावीस पायऱ्या, एक टेबल, एक माईक आणि खाली फलाटांकडे उघडणारी एक खिडकी. सगळे ड्रायव्हर मला 'वरच्या बाई' म्हणत. वरून हुकूम आला, की गाडी काढायची. त्याची गाडी डोंगरावरच्या गावाला जायची, सात वाजून दहा मिनिटांनी, फलाट क्रमांक सहावरून. त्यामुळे त्याचं नावच 'सात-दहा' पडलं होतं. उशिरा आला तरी सात-दहाच.

त्या दिवसानंतर तो रोज पावणेसातला जिन्याखाली दिसू लागला. कधी चहाचा कप घेऊन, कधी काहीच नाही. एकदा म्हणाला, तुम्ही सगळ्या गाड्या एका दमात सोडता, माझ्याच गाडीला अडखळता. 'फलाट क्रमांक' म्हणता... थांबता... आणि मग 'सहा'. मी सांगितलं की त्यात काही विशेष नाही. सकाळच्या यादीत तुमची गाडी सहावी, तोवर माझा श्वास संपतो.

"म्हणजे माझ्यापर्यंत येईतो काही उरतच नाही."

"उरतं थोडं."

"तेवढं पुरे," तो म्हणाला आणि गाडीकडे गेला. मी दिवसभर ते 'तेवढं पुरे' जिभेवर घोळवत राहिले.

थंडी पडली, तशी माझ्या छातीची परीक्षा सुरू झाली. थंडीत डिझेलची इंजिनं आधी दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून गरम करायची, ही तिथल्या ड्रायव्हरांची जुनी रीत. ओळीने उभ्या गाड्या, आणि सगळ्यांचा धूर माझ्या खिडकीत. खिडकी लावली तर फलाट दिसायचे नाहीत. उघडली तर श्वास नाही.

एके दिवशी सात-दहाने आपली गाडी उलटी लावली. तोंड फलाटाकडे, मागची बाजू कुंपणाच्या भिंतीकडे. धूर भिंतीला धडकून पलीकडच्या ओसाड जागेत जाऊ लागला. बाकीच्यांनी त्याला सोडलं नाही. गाडी नवरीसारखी लाजायला लागली का, भिंतीशी तिचं लग्न ठरलं का, असं काय काय चाललं. तो हसायचा, कारण सांगायचा नाही. पण आठवड्याभरात त्याने एकेकाला चहा पाजून आणखी पाच गाड्या उलट्या लावून घेतल्या. कंट्रोलर साहेबांना ते शिस्तीचं वाटलं. त्यांनी स्वतःच्या सहीने नोटीसच काढली, की यापुढे सर्व गाड्या अशाच लागतील. कल्पना त्यांचीच होती, असं ते आजही सांगत असतील.

मी खिडकीतून त्या गाड्या पाहायचे. कुणी आपल्यासाठी एवढं केलंय आणि बोलतही नाही, याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

घरी दादा आणि वहिनी. वहिनी मिरची परतायच्या आधी मला हाक मारून गच्चीवर पाठवायची, माझ्या खोलीतली चादर दर रविवारी उकळत्या पाण्यात टाकायची. मनाची चांगली. पण दोन ठिकाणी जमता जमता दम्यावरून मोडलं होतं, तेव्हापासून तिचं एकच मत झालं होतं: बघायला येतील तेव्हा चेहरा दाखवायचा, पंप नाही. सात-दहाने पंप पहिल्याच दिवशी पाहिला होता. म्हणून मला वाटायचं, याच्याजवळ लपवण्यासारखं काही राहिलंच नाही. तिथेच मी चुकले.

माझ्याकडे पंप दोन. निळा त्रास झाला की घ्यायचा. तपकिरी रोज सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असलं तरीही. तो छाती आतून शांत ठेवतो, पण घशात साचला तर आवाज बसतो. म्हणून डॉक्टरांनी घेतल्यावर गुळणी करायला सांगितलं होतं. मी सकाळी घाईत फवारा घ्यायचे आणि बस पकडायला धावायचे. गुळणी राहून जायची.

एका सकाळी जिन्याखाली तो हसत म्हणाला, "आज आवाजाला गंज चढलाय."

थट्टा होती. त्याच्या ती लक्षातही राहिली नसेल. मी मात्र वर जाऊन माईकसमोर बसले आणि तेच मनात फिरत राहिलं. त्या बावीस पायऱ्यांखाली तो रोज येऊन उभा राहतो तो कशासाठी? रूप म्हणावं तर बेताचं. वय तिशीपुढे. छाती अशी. आवाज तेवढा देवाने हात सैल सोडून दिलेला. तोही गंजला तर हा माणूस कशासाठी थांबेल?

त्या संध्याकाळपासून मी तपकिरी पंप बंद केला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आवाज मोकळा झाला. गाडी काढताना त्याने खिडकीतून मान बाहेर काढली आणि वर पाहिलं. दुपारी परत आल्यावर म्हणाला, आजचा आवाज धुऊन उन्हात वाळवल्यासारखा होता. मी लाजले. एवढ्यासाठी जीव गेला तरी चालेल, असंही मनात आलं. बोलायला सोपं असतं ते.

पुढचं सांगायला लाज वाटते. निळा पंप आठवड्यातून दोनदा लागायचा, तो दिवसातून दोनदा लागू लागला, मग चारदा. पहाटे खोकल्याने उठायचे. वहिनीने विचारलं, तर थंडी म्हटलं. सात-दहाने विचारलं, तर धूळ म्हटलं. त्याने माझ्याकडे एकटक पाहिलं... आणि तो गाडीकडे गेला. तपकिरी पंप कपाटात तसाच पडून होता.

तेविसाव्या दिवशी धुकं उतरलं. समोरचा फलाट दिसेना. सगळ्या गाड्या रखडल्या, सगळ्यांची इंजिनं चालू, प्रवासी वैतागलेले. मी एकामागून एक घोषणा करत होते. सात-दहाच्या गाडीपर्यंत आले. गावाचं नाव घेतलं, 'फलाट क्रमांक' म्हटलं, आणि पुढचा श्वास आलाच नाही.

माईकचं बटण माझ्या कोपराखाली दाबलेलं राहिलं. छातीतून निघणारी ती ओढ, ती शिट्टी साऱ्या स्टँडभर कर्ण्यांतून ऐकू गेली. झाडूवाल्या मावशी नंतर म्हणाल्या, लोक वर बघायला लागले, त्यांना वाटलं मशीन बिघडलं.

एकाला तसं वाटलं नाही. बावन्न माणसं गाडीत बसलेली होती. त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, उडी मारली आणि बावीस पायऱ्या चढून आला. कंट्रोलर साहेब मला बाकावर आडवं करायच्या बेतात होते. त्याने त्यांना बाजूला केलं, मला खुर्चीत ताठ बसवलं, कोपरं टेबलावर टेकवून जरा पुढे वाकवलं. निळा पंप माझ्या ओठांशी धरला. एक फवारा. थांबला. पुन्हा एक.

"सोडा," तो म्हणत होता. "आत घ्यायची घाई नको. आधी बाहेर सोडा... असं. अजून थोडा. मी आहे इथे."

माईक चालूच होता. हे सगळं सगळ्या स्टँडने ऐकलं. एरवी कशाचीही थट्टा करणारे ते ड्रायव्हर. या गोष्टीची थट्टा त्यांनी कधीच केली नाही.

दवाखान्यात मास्क लावून वाफेचं औषध दिलं, सुई दिली. दुपारपर्यंत बोलता येऊ लागलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तपकिरी पंप शेवटचा कधी घेतला. मी खरं सांगितलं. का बंद केला, तेही. त्यांनी पेन खाली ठेवलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. घोटभर पाणी, एक गुळणी, थुंकून टाकायचं. आणि पंपाला हे नळकांडं जोडायचं, म्हणजे औषध घशात न राहता खाली उतरतं. एवढंच होतं, म्हणाल्या.

तो पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. त्या गेल्यावर त्याने हलकेच विचारलं, आवाजाची एवढी काळजी कशासाठी होती.

मला वाटलं, आता सांगून टाकावं. त्याला बरं वाटेल.

"तुमच्यासाठी," मी म्हटलं. "तुम्हाला आवाज आवडायचा ना..."

त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं विझत गेलं. त्याने पलंगाची कड सोडली, टोपी उचलली आणि तो बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही नाही. मी कामावर परतले, तेव्हा सात-दहाच्या गाडीवर दुसराच ड्रायव्हर होता. कंट्रोलर साहेबांनी सांगितलं, की त्याने स्वतःच अर्ज करून डोंगरावरच्या डेपोत बदली मागून घेतली. भरली गाडी सोडून गेला म्हणून चौकशी लागली होती, तिचीही वाट पाहिली नाही.

उरलेली थंडी तशीच गेली. सकाळ-संध्याकाळ नळकांडं, मग गुळणी. धुक्यात नाकावर ओढणी. अकराव्या पायरीवर मुद्दाम थांबायचं, मग वर. छाती सुधारली, आवाजही राहिला. पण सहा म्हणताना खिडकीतून खाली पाहायचं मी सोडलं होतं. वहिनीने एकदाच विषय काढला. मेल्याला पंप चालत नव्हता का, म्हणाली. मी म्हटलं, पंप चालत होता, मीच चालले नाही. ती तेलाची वाटी घेऊन आली आणि माझ्या केसांना तेल लावत बसली.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मी सात-दहाच्या गाडीचं तिकीट काढलं. अडीच तासांचा घाट. वर डेपोत बारीक पाऊस होता. तो एका रिकाम्या गाडीची काच पुसत होता. मला पाहिलं आणि फडकं हातातच राहिलं. आधी माझ्या चेहऱ्याकडे नाही, माझ्या छातीकडे कान लावल्यासारखा पाहत राहिला. मी ठीक आहे, असं मी सांगितलं, तेव्हा त्याने श्वास सोडला.

गाडीच्या पायरीवर आम्ही बसलो. तो हातातलं फडकं पिळत राहिला. मग बोलू लागला.

"आई दम्याची होती. मी पलीकडच्या खोलीत अभ्यासाला बसायचो. पुस्तक उघडं, कान भिंतीला. एक श्वास आला, की पुढच्याची वाट. असं सात वर्षं. ती गेली, तेव्हा आधी मनात आलं — सुटलो. पोटच्या पोराच्या मनात असं यावं?"

"नोकरीच्या पहिल्या दिवशी तुम्ही 'फलाट क्रमांक' म्हणालात आणि थांबलात. मी गाडीत बसून पुढच्या श्वासाची वाट बघत राहिलो. आवाज कोण ऐकत होतं? मी ते थांबणं ऐकत होतो. रोज. आणि तुम्ही म्हणता, माझ्यासाठी औषध टाकलं. आई माझ्या कानांदेखत गेली. तुम्ही तर माझ्यामुळे गेला असतात. ते कुठे ठेवू मी?"

"तुमच्यासाठी टाकलं हे खरं नव्हतं," मी म्हटलं. वाटेत अडीच तास मी हेच वाक्य जुळवत होते. "मला भीती वाटली म्हणून टाकलं. आवाज गेला तर माझ्यात काही उरणार नाही, अशी. ती चूक माझी आहे. तुम्ही उचलू नका."

त्याने मान खाली घातली. मी पुढचंही सांगितलं. दमा जाणार नाही. औषध चुकवणार नाही, पण धुकं यायचं ते येणारच. कधी आवाज बसेल, कधी मी अर्ध्यावर थांबेन. हे सगळं बघून घ्या. मी लपवायला आले नाही.

"मला रोज भीती वाटेल," तो म्हणाला.

"मलाही वाटते. तुम्ही तिकडे एकटे भिता, मी इकडे एकटी भिते. त्यापेक्षा दोघं मिळून भिऊ."

तो हसला नाही. त्याचा हात मात्र फडकं सोडून माझ्या हातावर आला, ओला, थंडगार. पाऊस गाडीच्या टपावर वाजत होता.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, परतीची गाडी कितीची आहे. मी म्हटलं, दोनची.

"चुकव ती," तो म्हणाला. "चारची मी घेऊन जातोय. माझ्या पाठीमागच्या सीटवर बस... मला ऐकू येईल अशी."