उजवीकडून तिसरा

पाऊस आला नसता तर मी त्या हॉलमध्ये शिरलेच नसते.

जानेवारीतला पाऊस तो... नागपुरात दर हिवाळ्यात एकदा येतो, संत्रीवाल्यांच्या शिव्या खातो आणि निघून जातो. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडले, आणि चौक गाठायच्या आत टपोरे थेंब सुरू झाले. समोर एका छोट्या हॉलच्या दारावर कापडी फलक फडफडत होता – ‘खाप्याची माणसं : जुने ग्रुप फोटो’.

खापा! माझ्या बाबांचं गाव. कन्हानकाठचं. बाबा अगदी लहान असताना तिथून निघाले. मी तर ते कधी पाहिलंही नव्हतं. ओढणी डोक्यावर घेतली आणि शिरले आत.

आत ओल्या सतरंजीचा वास होता आणि भिंतीभर माणसं. शाळेतली पोरं, शिवणवर्गातल्या बाया, लग्नातले वऱ्हाडी... आणि एका मोठ्या फोटोत विणकर सोसायटीचे सभासद. पुढे जमिनीवर मांडी घातलेले, मध्ये खुर्च्यांवरचे, मागे उभे. मागच्या रांगेत, उजवीकडून तिसरा...

माझा हात आपोआप वर गेला. काचेवर बोट टेकलं. त्याच क्षणी आणखी एक बोट नेमकं तिथेच येऊन टेकलं.

“आजोबा,” मी म्हणाले.

“आजोबा,” तोही म्हणाला.

मी वळून पाहिलं. उंच, सावळा, केसांतून पाणी निथळतंय, दुसऱ्या हातात नावांच्या छापील पट्ट्या आणि दातात चिकटपट्टीचा तुकडा. तो त्यानं घाईघाईनं काढला.

“बोट काढा नं. माझ्या आजोबांच्या नाकावर ठसा उमटून राहिला.”

“तुमच्या? अहो, हे माझे आजोबा आहेत. बळीराम. आमच्या घरी भिंतीवर आहेत.”

“भिंतीवर कोणालेही लावता येते, मॅडम.”

“आणि फोटोखाली कोणाचंही नाव चिकटवता येतं!”

तो हसला. हसताना त्याच्या उजव्या गालाला तेवढी खळी पडली... एकाच गालाला. मला उगीचच दुसऱ्या गालाची कीव आली.

“हे माझ्या आईचे वडील,” तो म्हणाला. “तुमचे?”

“माझ्या बाबांचे वडील.”

त्यानं मनातल्या मनात नातं जुळवलं आणि डोळे चमकले. “म्हणजे तुम्ही... माझ्या मामाची पोरगी?”

“माझ्या आजोबांची एकच बायको होती!” मी फणकारले.

सतरंजीवर बसून फोटो पाहणाऱ्या दोन आज्या मागे वळल्या. बाहेर पाऊस केव्हाच थांबला होता. मी मात्र तिथेच उभी होते.

त्याचं नाव प्रशिक. हिंगण्याला एका कारखान्यात इंजिनिअर. खाप्यातून पांगलेल्या घरांमधले जुने ग्रुप फोटो शोधायचे, त्यांच्या प्रती करायच्या, प्रत्येक चेहऱ्याखाली नाव लिहायचं – हे त्याचं वेड. त्याची आई माया लहान असतानाच तिचे वडील कामधंदा शोधायला गोंदियाकडे गेले, ते परतलेच नाहीत. आईला फक्त एवढंच आठवत होतं की बाप फार देखणा होता. हा फोटो पाहिला आणि तिनं लगेच बोट ठेवलं – हेच!

आमची गोष्ट वेगळी. बळीराम आजोबा तापानं गेले तेव्हा बाबा पाळण्यात होते. पाठोपाठ आजीही गेली. बाबांना मामानं वाढवलं, आणि मामानंच सोसायटीच्या फोटोतला हा चेहरा नागपुरातल्या स्टुडिओतून मोठा करून आणला. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या जरा खाली तो कायमचा होता. बाबांना मास्तरची नोकरी लागली, पहिला पेढा त्याच्यापुढे. रिटायर झाले, शाळेतून मिळालेला हार त्याच्या गळ्यात. अडचण आली की बाबा त्या फोटोसमोर खुर्ची ओढून बसत. बोलत काहीच नसत. बसत फक्त.

“दोघांपैकी एक खोटा आहे,” मी प्रशिकला म्हणाले.

“खरं काय ते शोधू. पण दोघं मिळून... चालेल?”

चालेल! माझे रविवार तेव्हापासून त्याचेच झाले.

इंदोऱ्यात, जरीपटक्यात, कुठे कुठे फिरलो आम्ही. कोणाची तरी कुसुमताई पलंगाखालची पेटी ओढायची, साड्यांच्या घडीखालून फोटो निघायचा. प्रशिक तो कडांनी अलगद धरायचा, फुलपाखरू धरावं तसा, आणि फोनमध्ये टिपताना श्वास रोखायचा. मीही नकळत माझा रोखायची. मग दोघं एकदमच सोडायचो... आणि एकमेकांकडे बघायचं टाळायचो.

कधी पहिली पाळी संपवून तो कंपनीच्या बसनं थेट दवाखान्याजवळ उतरायचा. अंगाला मशीन-तेलाचा वास, आणि खिशातून काढून हातावर ठेवलेलं एक संत्रं.

“हे काय?”

“मामाच्या पोरीले रिकाम्या हातानं भेटू नाही म्हणते.”

“कोण म्हणतं?”

“मीच म्हणतो.”

आम्ही ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी आलो ते कळलंच नाही. एकदा चहाच्या टपरीवर मात्र तो गप्प गप्प होता. कपातला चहा निवत चाललेला.

“काय झालं?”

“दीप्ती... समज, दोघांचे आजोबा एकच निघाले तर?”

“तर तू माझा आतेभाऊ.” मी मुद्दाम साळसूदपणे म्हणाले. “आणि एवढ्या जवळच्या नात्यात लग्न करणं चांगलं नाही, हे आमच्या दवाखान्यातले डॉक्टर रोज सांगतात. तेव्हा राखी बांधीन तुला.”

त्यानं कप खाली ठेवला.

“मले राखी नको,” तो म्हणाला. आणि मग अगदी हळू, “तुले कळून नाही राहिलं का?”

कळत होतं. माझे कान तापले होते. मी संत्र्याचं साल इतकं बारीक बारीक सोलत बसले, की टपरीवाला म्हणाला, “ताई, आता फोड सोलता का?”

पुढच्या रविवारी आम्ही खाप्याला गेलो. त्या फोटोतला एकच माणूस हयात होता – नत्थूजी. त्या वेळी मिसरूडही न फुटलेला पोरगा, आता काठी टेकत चालणारा म्हातारा. सावनेरचा रस्ता सोडून मोटारसायकल आत वळली, तशी दोन्हीकडे कापूस वेचून झालेली रानं लागली. मी प्रशिकच्या खांद्यावर हात ठेवला होता. खड्डे नव्हते तिथेही तो तसाच राहिला.

नत्थूजी अंगणात उन्हाला बसले होते. “जय भीम, बाबाजी. मी मायाचा पोरगा,” म्हणत प्रशिकनं मोठी प्रत त्यांच्या मांडीवर ठेवली. म्हाताऱ्यानं ती डोळ्यांशी नेली. त्यांचं बोट रांगांवरून फिरू लागलं, मध्येच थबकायचं, पुन्हा फिरायचं.

“आणि हे, बाबाजी? उजवीकडून तिसरे?” मी विचारलं.

नत्थूजींनी पाहिलं. आणि बोळक्या तोंडानं खो खो हसत सुटले.

“हा? हा तं ताराचंद! फोटोवाल्याचा साळा! नागपूरवरून सामान उचलाले आला होता, अन् खुशाल घुसला आमच्या रांगेत. अंगावरचा कोट पाह्य नं. खाप्यात तवा कोट कोणापाशी होता वं?”

“म्हणजे... आमचे दोघांचेही आजोबा नाहीत?” प्रशिकनं विचारलं.

“नाही गा. मायाचा बाप हा, इकडे, खुर्चीवर. नाक पाह्य, तुह्यंच आहे.”

“नाही!” प्रशिक ओरडला. “दीप्ती, ऐकलं का? कोणीच नाही! आपण कोणाचे कोणी नाही!” त्यानं आनंदानं टाळी वाजवली. अंगणातली कोंबडी फडफडत पळाली.

मला मात्र आमची भिंत दिसत होती. तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलेले बाबा दिसत होते... कोणा एका फोटोवाल्याच्या साळ्यासमोर.

“आणि बळीराम?” मी कसंबसं विचारलं.

नत्थूजींचं बोट पुढच्या रांगेवर आलं. जमिनीवर बसलेला एक माणूस. गुडघ्यांवरचे हात स्पष्ट, लांब लांब बोटांचे. चेहऱ्याच्या जागी नुसता पांढुरका धूर.

“हालला नं तो. फोटोवाला म्हणे हालू नका, हालू नका... अन् याले हसू आलं. असा हसे बळीराम, की समोरच्याले काहून हसून राहिलो ते समजे नाही, तरी तोही हसे.”

मी रडू लागले. प्रशिकच्या चेहऱ्यावरचा आनंद एकदम विझला. तो जवळ आला, हात पुढे केला, पण मी मान फिरवली. परतताना मी मोटारसायकलवर बसले नाही. एसटीनं आले.

त्यानंतर त्याचे फोन आले. मी उचलले नाहीत. मग एक निरोप आला – ‘चुकलं माझं. तू बाबांना सांगेपर्यंत त्या तिसऱ्या चेहऱ्याखाली काहीच लिहिणार नाही. आणि सांगायचं नसेल, तर कधीच नाही.’

ज्यानं एकेका नावासाठी अख्खं नागपूर पालथं घातलं, तो एक जागा कायमची कोरी ठेवायला तयार होता. माझ्यासाठी. मी तो निरोप इतक्यांदा वाचला, की...

रविवारी सकाळी बाबा पोहे खात होते. त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. मध्ये थांबले असते तर पुन्हा सांगताच आलं नसतं.

बाबांचा चमचा बशीतच राहिला. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग मी मोबाइलवर तो पांढुरका धूर मोठा करून दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा पुसला.

“हसत होते म्हणते तो?”

“हो, बाबा. हसू आवरलंच नाही त्यांना.”

“मले कोणी सांगितलंच नाही का ते हसत.” बाबा म्हणाले. “मी समजत होतो बाप म्हणजे असा... कोटातला. कडक.” ते उठले, फोटोजवळ गेले. मला वाटलं, आता काढतात. पण त्यांनी काचेवरची धूळ बोटानं पुसली. “बापाचा चेहरा नुसता धूर, म्हणून मामानं हा देखणा आणला असेल. राहू दे याले इथंच. एवढी वर्षं बिचाऱ्यानं माझं ऐकून घेतलं.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “अन् हा जो पोरगा तुले खाप्याले घेऊन गेला... त्याले म्हण, मलेही घेऊन चाल.”

मी त्याच क्षणी फोन लावला. पहिली रिंग पूर्ण वाजलीच नाही.

बाबांना घेऊन आम्ही खाप्याला पोहोचलो तेव्हा ऊन कलू लागलं होतं. नत्थूजींनी बाबांचा हात धरला तो सोडेचनात. “बळीरामचा पोरगा गा तू?” म्हणत त्यांना नदीवर घेऊन गेले, तुझा बाप इथं पोहायचा, इथं सूत वाळत घालायचा... दोघं वाळूत बसले, आणि गोष्टींवर गोष्टी निघू लागल्या.

मी नि प्रशिक पाण्याशी आलो. कन्हान संथ होती, गुडघाभर, सोनेरी. मी चपला काढून पाण्यात उतरले. तोही उतरला, पँट दुमडायची विसरून.

“दीप्ती, त्या दिवशी तुह्या बाबांचं माझ्या मनातच नाही आलं. मी नुसता माझाच विचार केला.”

“माहीत आहे.”

“राग गेला?”

“राग नव्हता रे. मला तेव्हा एकटीलाच रडायचं होतं...” मी पाण्याकडे पाहत म्हणाले. “रडत नसते ना, तर तुझ्याहून मोठ्यानं टाळी वाजवली असती मी.”

तो पाहत राहिला. समजायला त्याला जरा वेळ लागला. मग त्या एका गालाची खळी हळूहळू उमटली, आणि त्याच्या हाताची बोटं माझ्या बोटांत गुंतली. नदी पायांना गुदगुल्या करत वाहत होती. दूरवर कोणीतरी म्हशींना हाका मारत होतं.

“तुह्या घरी विचाराले येऊ?” त्यानं विचारलं. “आईले घेऊन... रीतसर?”

“आई मग येतील. बाबा तर इथेच बसलेत.”

“आत्ता? असा ओला?”

“भीती वाटते?”

“लय!” तो म्हणाला. आणि माझा हात सोडून निघालाच.

ओली पँट पायांना चिकटलेली, बोटांना वाळू लागलेली, मध्येच एकदा मागे वळून पाहिलं त्यानं. मी हातानंच ‘जा’ म्हटलं. तो बाबांसमोर जाऊन उभा राहिला. काय बोलला ते इतक्या लांबून मला ऐकू आलं नाही. नुसतं दिसत होतं – त्याची खाली घातलेली मान, नत्थूजींनी कानाशी नेलेला हात, बाबांचं वर पाहणं... किती वेळ ते नुसतंच पाहत होते!

मग बाबा थोडे बाजूला सरकले आणि शेजारच्या वाळूवर हात थोपटून त्यांनी त्याच्यासाठी जागा केली.

मी चपला हातात घेतल्या आणि त्यांच्याकडे चालू लागले.