पतंगांची चादर

मोबाईल ठेवा जरा बाजूला. ही गोष्ट ऐकीव नाही. आमच्या डहाणूच्या पोस्टात शैलेश होता, माझ्याच हाताखाली लागलेला, त्याच्यावर गुदरलेली आहे. तो आता सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

शैलेशला फोटोंचं वेड. शिकवलं कुणी नाही. आधी मोबाईलवर झाईच्या किनाऱ्यावरचे बगळे काढायचा. मग जुना कॅमेरा घेतला, व्हिडिओ बघून बघून हात बसवला. पक्षी झाले, साप झाले, आणि शेवटी नाद लागला तो पतंगांचा. रात्री दिव्यावर येतात ना, ते. रानात पांढरी चादर बांधायची, पुढ्यात दिवा लावायचा आणि गप बसायचं. नाना तऱ्हेचे पतंग चादरीवर येऊन बसतात. त्याला हवा होता त्यातला सगळ्यात मोठा, ज्याच्या पंखांच्या टोकांना सापाचं तोंड असल्यासारखं दिसतं. आपल्या भागात तो पाहिलाय म्हणणारे पुष्कळ, फोटो कुणाकडे नाही.

अंधार जितका गडद, तितके पतंग जास्त. म्हणून त्याने अमावास्येचा शनिवार धरला. दोन हजार तेवीस, ऑक्टोबरची चौदा तारीख. निघताना बायको, नयना म्हणाली, "अहो, आज सर्वपित्री आहे."

"पान ठेवलं ना दुपारी? मग झालं," म्हणत त्याने स्कूटर काढली.

वेवजीला डोंगराच्या पायथ्याशी दशरथचं घर. थोडं भात, बाकी मजुरी. शैलेश आधीही त्याच्या शेतात चादर बांधून गेलेला, ओळख चांगली होती. पण त्या संध्याकाळी दशरथ वेगळाच वागत होता.

"एकटेच आलात?"

"हो."

"इथं आलात ते घरी माहीत हाय?"

शैलेश चपापला. याला कशाला हव्यात या चौकश्या?

"आज नको, साहेब. पुढच्या शनिवारी या."

"का पण?"

दशरथने बायकोकडे बघितलं. नवशी आत निघून गेली. "नको म्हणजे नको," दशरथ म्हणाला. नजर मात्र कॅमेऱ्याच्या बॅगेवर. निदान शैलेशला तसं वाटलं. एकदा माणसाच्या मनात पाल चुकचुकली, की समोरच्याचं सरळ बघणंही वाकडं दिसतं.

त्याने ऐकलं नाही. शेताच्या कडेला दोन सागांच्या मध्ये चादर बांधली, चारही टोकं ओढून. खालची कड जमिनीपासून वीतभर वर राहिली. दिवा लावला, कॅमेरा स्टँडवर चढवला.

पतंग आले, आणि असे आले की बघत राहावं! हिरवे, राखाडी, ठिपक्यांचे. शैलेश घर विसरला, दशरथला विसरला. एकेकाजवळ वाकून फोटो काढत होता. नेहमीची सवय, तोंडाने बडबड चालू. "ये बाबा, सरळ बस... हं, आता हलू नको."

खालच्या कडेच्या पतंगासाठी तो गुडघ्यांवर बसला. आणि थांबला.

चादरीच्या पलीकडे पाय होते.

दोन पाय. अनवाणी. चिखलाने माखलेले. बोटं त्याच्याकडे.

आला वाटतं कॅमेऱ्यावर डोळा ठेवून! त्याला भीतीपेक्षा रागच आला.

"दशरथ, लपतोस काय? ये पुढे."

पाय तिथेच.

तो उठला, हातात विजेरी घेतली आणि झपाट्याने चादरीला वळसा घालून मागे गेला.

कुणी नाही. मोकळं शेत. दवाने भिजलेलं गवत, कुठे दबलेलंसुद्धा नाही.

तो परत पुढे आला. वाकला.

पाय होते.

आणि आता चादर मधोमध फुगलेली... पलीकडून कुणीतरी कपाळ टेकल्यासारखी. तेवढ्या जागेवरचे पतंग एकदम उडाले.

शैलेशने दशरथला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"कुठे आहेस तू?"

"घरात. साहेब, तुमच्याबरोबर दुसरं कोण हाय?"

"कोणी नाही. का?"

"मघापासून ऐकतोय आम्ही," दशरथ हळूच म्हणाला. "दोघांचं बोलणं..."

शैलेश पळाला. कॅमेरा, दिवा, सगळं टाकून. बांधावर पडला, उठला, पुन्हा पळाला. दशरथने दार उघडून त्याला आत ओढलं, कडी घातली आणि स्वतः दाराला पाठ लावून बसला.

धाप ओसरली तसा संशय परत आला. हे सगळं याचंच तर नाही? कॅमेरा तिकडे उघड्यावर, आणि आपण इथे कोंडलेले.

"दार अडवून का बसलास?"

"तुम्हाला अडवायला नाही बसलो," दशरथ म्हणाला.

रात्रभर दशरथची पाठ दारापासून हलली नाही. शैलेशनेही डोळ्याला डोळा लागू दिला नाही, त्याच्यावरच नजर ठेवून होता.

झुंजूमुंजू झालं तसे दोघं शेतात गेले. कॅमेरा स्टँडवर जसाच्या तसा. दिवा विझलेला. शैलेशला दशरथकडे बघवेना.

चादर मात्र झाडांना नव्हती.

ती खाली गवतावर पसरलेली होती. सरळ. चार कोपऱ्यांवर चार दगड.

दशरथ बांधावरच थांबला. "राहू द्या, साहेब. नका हात लावू."

शैलेशने एक दगड सरकवला. चादर उचलली. खाली गवत दबलेलं... माणसाच्या लांबीएवढं. भोवती सगळीकडे दव. पहाटेचा गारठा.

त्याने त्या गवतावर तळहात टेकवला.

ऊब होती. नुकतंच कुणीतरी अंथरुणातून उठून गेल्यासारखी.