रत्नाचा कीबोर्ड

हे खरं आहे. खोटं सांगून मला काही मिळणार नाही, उलट माझीच अब्रू जाणार आहे. तरी सांगतो, कारण आमच्या घरात माझं ऐकून घेणारं आता कुणी उरलं नाही.

तारीख १४ ऑगस्ट २०२५. गुरुवार, म्हणजे आमच्याकडच्या कंपन्यांची सुट्टी. जागा रहाटणी, आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. रात्र वगैरे नव्हती. दुपारचे चार वाजले होते आणि खाली भंगारवाला ओरडत होता.

माझं नाव सुजित. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. घरात आई, मी आणि माझी बायको दीक्षा.

आणि फोटोत रत्ना.

रत्ना म्हणजे बुद्धरत्न, माझा धाकटा भाऊ. २००४ च्या ऑगस्टमध्ये तापानं गेला. आठ वर्षांचा होता. मी बारा.

दरवर्षी त्याच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे तो गेला त्या तारखेला, आई फोटोपुढं मेणबत्ती लावते आणि शेजारी त्याचा जुना कीबोर्ड ठेवते. ओल्या फडक्यानं एकेक बटण पुसते. का, ते आधी सांगतो.

तेव्हा आम्ही काळेवाडीत दोन खोल्यांत राहायचो. बाबांनी कंपनीच्या भंगारातून एक कॉम्प्युटर आणला होता, सोबत दोन कीबोर्ड. त्यात एकच गेम होता, गाड्यांच्या शर्यतीचा. वर लाल गाडी, खाली निळी. लाल माझी. निळी कॉम्प्युटर चालवायचा.

"दादा, मला पण दे ना," रत्ना सारखा मागे लागायचा.

एकाच कीबोर्डवर दोघांना खेळता यायचं. मला वाटून घ्यायचं नव्हतं, एवढंच. म्हणून दुसरा कीबोर्ड त्याच्या मांडीवर ठेवला आणि त्याची वायर टेबलामागे सारली. कुठंच न जोडता.

"निळी तुझी," मी म्हणालो.

दोन वर्षं तो बटणं बडवत होता. निळी जिंकली की गल्लीभर नाचायचा. "आई, मी दादाला हरवलं!" मी मनातल्या मनात हसायचो. मजा यायची, खोटं कशाला बोलू.

एका दुपारी निळी सलग तीनदा जिंकली. तो पळत जाऊन नळावर आईला सांगून आला आणि जीभ काढून मला वेडावलं. माझं डोकं फिरलं. टेबलामागची वायर ओढली आणि त्याच्या तोंडासमोर धरली.

"हे बघ. कुठं जोडलंय का? तू कधी खेळलाच नाहीस."

तो रडला नाही. वायरकडं बघत बसला. मग हळूहळू बटणं दाबायला लागला...

कॉम्प्युटर बंद होता, तरी. पार अंधार पडेपर्यंत.

त्याच रात्री ताप भरला. आधी पाय गार पडले, मग अंग पेटलं. पाचव्या दिवशी गेला.

वायरचं मी कुणालाच सांगितलं नाही. आई मात्र एकवीस वर्षं एकच वाक्य सांगत आली. "माझं लेकरू जाता जाता दादाला तीनदा हरवून गेलं." त्या वाक्यावर ती जगली. ते खोटं आहे असं कळलं असतं तर ती उभी राहिली नसती. म्हणून गप्प बसलो. आणि मार खायची भीती होती, तेही खरंच.

तर त्या गुरुवारी मेणबत्ती लावून झाल्यावर आई म्हणाली, "सुजित, तो गेम आता लागंल का रे? मला एकदा निळी गाडी खेळायचीय. रत्नाच्या कीबोर्डवर."

दीक्षा कामावर गेली होती. घरात आम्ही दोघंच.

जुनी हार्डडिस्क माळ्यावर होती. असले गेम आजच्या लॅपटॉपवर सरळ उघडत नाहीत. जुन्या मशीनची नक्कल करणारा एक प्रोग्राम असतो, त्यात लावावे लागतात. लावला, तर गाड्या दिसेचनात. नव्या मशीनचा वेग इतका, की शर्यत सुरू होताच संपायची. वेग उतरवत उतरवत जुन्या चालीवर आणला. तासभर गेला.

राहिला कीबोर्ड. त्याची पिन जुनी, गोल. लॅपटॉपला ती लागायची जागाच नाही. चिंचवडला जाऊन कन्व्हर्टर आणला असता तर काम झालं असतं.

कंटाळा केला.

निळी गाडी कॉम्प्युटरला दिली आणि आईच्या मांडीवरच्या कीबोर्डची वायर लॅपटॉपमागे सारली.

"जोडलं, आई. दाब."

शर्यत सुरू झाली. माझी लाल निघाली.

निळी जागची हललीच नाही.

कॉम्प्युटरची गाडी कधी थांबत नाही. मला वाटलं, प्रोग्राम अडकला. तेवढ्यात आईनं एक बटण दाबलं.

टक...

निळी जराशी सरकली.

टक... टक...

अजून सरकली.

मी वाकून लॅपटॉपमागे बघितलं. वायर लोंबत होती. गोल पिन हवेत.

मग टकटक वाढली. आईची बोटं संधिवातानं वाकडी झालीत, तिला भाकरी थापता येत नाही. ती बोटं झरझर पळत होती.

"आई, हळू दाब ना."

"मी कुठं दाबतीय?" आई म्हणाली. "माझ्या बोटांवर बोटं हायत कुणाची तरी. बारकी... गार पडलीत रे."

निळी जिंकली.

शर्यत आपोआप पुन्हा सुरू झाली. निळी पुन्हा जिंकली. माझी बटणं लागतच नव्हती. तिसऱ्या वेळी मी दोन्ही हात वर उचलले.

लाल गाडी तशीच पळत राहिली... आणि हरली.

मी लॅपटॉप खाडकन मिटला. टकटक चालूच.

आईनं मान कलती केली. कानाशी कुणीतरी बोलतंय आणि ती ऐकतेय, अशी. बराच वेळ. मग तिनं लॅपटॉपमागे हात घातला, वायर ओढली आणि माझ्या तोंडासमोर धरली.

"दोन वर्षं, सुजित?"

मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. दीक्षालासुद्धा नाही.

आई रडली नाही. ओरडलीही नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून दर गुरुवारी चार वाजता ती तो कीबोर्ड माझ्या मांडीवर ठेवते. "बस. तू निळी." समोर मिटलेला लॅपटॉप. मी बटणं दाबत बसतो, अंधार पडेपर्यंत. ती शेजारी बसते. मधेच हसून म्हणते, "हरला बघ."

मला नाही म्हणत. तिच्या पलीकडं कुणीतरी असतं.

दिवाळीआधी एका गुरुवारी मुद्दाम ओव्हरटाइम घेतला. सहा वाजता दीक्षाचा फोन आला. "अहो, लवकर या. आईंचे पाय गार पडलेत. ताप चढत चाललाय."

घरी पोचलो. बूटही न काढता कीबोर्ड मांडीवर घेतला. तासाभरात ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, व्हायरल असेल.

गेल्या गुरुवारी मी हात जोडले. "आई, कधीपर्यंत?"

"जिंकशील तवर."

"अगं, पण याला वायरच नाही लागलेली. कसा जिंकेन मी?"

इतक्या महिन्यांत आईनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. जीभ काढून मला वेडावलं. मग म्हणाली,

"त्यालाही नव्हती."

आज बुधवार आहे.