बर्नार्ड आजोबांची हिरवी गाडी

हाउन्सलोच्या घरात जेवणं आटोपली होती. शशीकाकांनी उठून मोठा दिवा घालवला.

"काका, मुद्दाम घाबरवायला हं!" वरदा म्हणाली.

"मुद्दाम कशाला? माझ्या सख्ख्या भाचीचं सांगतोय, वैभवीचं. हसायचं तर आत्ताच हसून घ्या."

सगळे जवळ सरकले.

वैभवी राहायची मेडनहेडच्या बाहेर, एका सुनसान लेनमध्ये. त्या वर्षी गुढीपाडव्याची आदली रात्र आणि उन्हाळ्यासाठी इथली घड्याळं तासभर पुढे करायची रात्र एकच आली होती. अमावास्या. बाहेर वादळी वारं. नवरा सुयश कामासाठी एडिनबरोला, घरची गाडी एअरपोर्टवर. गॅरेजमध्ये उरली होती ती फक्त साठ वर्षांची हिरवी म्हातारी. शेजारच्या बर्नार्ड आजोबांनी जन्मभर जपलेली. दसऱ्याआधी त्यांनी ती सुयशला विकली आणि दिवाळीत आजोबा गेले.

"थंडीभर बंद आहे ती. बॅटरी तेवढी जोडून ठेव, उद्या पूजा करू," सुयश फोनवर म्हणाला. काम एवढंच. तिने बॅटरी जोडली, हात पुसले, घरात आली.

तर पाळण्यात लेक ईरा खोकत होती. आठ महिन्यांचा जीव, पण खोकला कुत्र्याच्या भुंकण्यासारखा. श्वास आत घेताना शिट्टी वाजायची.

अॅम्ब्युलन्सच्या बाईने फोनवर सांगितलं, "तुमच्या लेनमध्ये झाड पडलंय, आम्हाला आत येता येत नाही. दुसऱ्या टोकाने मेन रोडवर या, आम्ही तिथे थांबतो."

दोन मैल. अंधार. वैभवीने ईराला कार सीटसकट हिरव्या गाडीत मागे बांधलं आणि किल्ली फिरवली. इंजिन गरगरलं. पेटलं नाही.

"चोक पूर्ण ओढ!" फोनवर सुयश.

"ओढलाय!"

"पेट्रोलचा पंप टिकटिकतोय का?"

"टिकटिकतोय रे!"

"मग प्लग ओले झाले असतील. असं कर, बॉनेट उघडून..."

"सुयश, पोरीचे ओठ निळे पडलेत! बॉनेट काय सांगतोस मला!"

तेवढ्यात फोनची रेंज गेली.

परत किल्ली. इंजिन जरा फुसफुसायचं आणि दम कोंडल्यासारखं विझायचं. परत. परत. आता बॅटरीही मंदावली. घर्र... घर्र...

मागची शिट्टी थांबली.

"ईरा? ए सोन्या... ईरा!"

बारीकशी शिट्टी. मग पुन्हा काही नाही. वैभवीने स्टिअरिंगवर डोकं आपटलं. "कोणीतरी या हो..."

गॅरेजच्या दाराशी कोणीतरी खाकरलं.

म्हातारा आवाज. इंग्रजीत, अगदी शांत. "मागची नळी बघ, लव्ह," लेकीला म्हणावं तसं.

ती वळली.

दार बंद होतं. आतून कडी.

आणि तिला आठवलं. दसऱ्याच्या पूजेचं निर्माल्य! कचऱ्याच्या डब्यात टाकवेना, पायाखाली येता कामा नये, आणि सुयश म्हणत होता की थंडीत एक्झॉस्टच्या नळीत उंदीर शिरतात. तिनेच खणात झेंडू आणि नारळाच्या शेंड्या गुंडाळून तो बोळा नळीत गच्च कोंबला होता. गाडी धूर टाकणार कुठून?

ती मागे धावली. नखं मोडली. बोळा उपसून फेकला, दार उघडलं. किल्ली.

घर्र... घर्र...

पेटली!

लेनभर तिने आरशात पाहिलं नाही. मागच्या सीटवर कोणीतरी हळू पुटपुटत होतं. लहान मुलाला थोपटताना पुटपुटतात तसं... आणि त्या तालावर ईराची शिट्टी चालू राहिली.

मेन रोडवर अॅम्ब्युलन्स उभीच होती. ईराला मास्क लावला, औषध दिलं. हळूहळू ओठांवर रंग आला.

काकांनी पाण्याचा घोट घेतला.

"वाचली ना?" क्षितिजने विचारलं.

"वाचली. आता घरभर धावते."

"मग झालं की!"

काका पुढे वाकले.

"मास्कचा पट्टा सरळ करताना अॅम्ब्युलन्समधल्या पॅरामेडिकने विचारलं, हा डाग कसला? पोरीच्या डाव्या कानामागे... आपण तीट लावतो ना, नेमका तिथेच... अंगठ्याचा काळा ठसा. काजळाचा नाही. इंजिन ऑइलचा. वैभवीने आपला अंगठा त्यावर ठेवून बघितला."

"मग?"

"तिच्या अंगठ्याच्या दुप्पट होता."