मेलेल्या कप्तानाचं लग्न

सुट्टीत तळ्यावर जायचा बेत चष्मीने ऐनवेळी मोडला आणि चुलतभाऊ ढब्ब्या नि शेजारची पिंगी यांना घेऊन ती आत्याचं पुस्तक छापणाऱ्या प्रकाशनाच्या कचेरीकडे निघाली. सकाळपासून तिची आत्या रडत होती.

आत्याने तरुणपणी एका अंतराळयानाच्या, एकीतून दुसरी निघणाऱ्या विज्ञानकथा लिहिल्या होत्या. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांनी त्या वाचल्या. नव्या आवृत्तीत मात्र यानाचा कप्तान पहिल्याच कथेत मरत होता आणि पुढे खुशाल यान चालवत होता. आत्याने फोन केला, तर संपादक म्हणाला, "क्रम तुमचाच आहे. वय झालं की विसरायला होतं." घरची जुनी प्रत कुणीतरी वाचायला नेली ती परत आलीच नव्हती. बिचारी स्वतःच्याच डोक्यावर संशय घेत बसली.

वाटेत चष्मीने पुस्तक पुन्हा चाळलं. 'अखेरचा निरोप', 'उल्कांची वाट', 'कप्तानाची टोपी', 'गंजलेला सूर्य'... ती थबकली. अ, उ, क, ग. शब्दकोशच की हा! कॉम्प्युटरने फायली अक्षरांप्रमाणे लावल्या आणि त्या शहाण्याने तशाच छापल्या, हे पिंगीनेही लगेच ओळखलं.

संपादक खुर्चीत रेलून स्वतःचाच फोटो निरखत होता. शाळेतल्या मुलांना संपादकसाहेबांची आवडती कथा कळायला हवी, असं चष्मीने अगदी गोडीत सांगितलं. स्वारी फुगली.

"पहिलीच. काय सुरुवात आहे!"

"कप्तान मरतो ती?" ढब्ब्याने भाबडेपणाने विचारलं.

"अर्थात."

"मग पुढे यान कोण चालवतं?"

"त्याचा मुलगा," संपादक ठोकून मोकळा झाला.

"पण पुढच्या कथेत तर त्याच कप्तानाचं लग्न ठरतंय," चष्मी म्हणाली. "अ, उ, क, ग... कॉम्प्युटरने लावल्या तशाच कथा छापल्यात. तुम्ही पुस्तक उघडलं तरी होतं का?"

संपादक पंख्याकडे बघू लागला. दारात उभ्या प्रकाशनाच्या मालकीणबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी शाळांकडे निघालेले पुस्तकांचे गठ्ठे तिथल्या तिथे थांबवले, आत्याला फोन लावला आणि चूक आमचीच, तुमचं डोकं अगदी शाबूत आहे, असं कबूल केलं. पलीकडून आत्याचा मोकळा हुंदका चष्मीलाही ऐकू आला.

"किती हुशार मुलं!" मालकीणबाईंनी चष्मीच्या डोक्यावरून कौतुकाने हात फिरवला. "आमच्या कुणाच्या कसं लक्षात आलं नाही?"

चष्मीने चष्मा नाकावर सारखा केला.

"बाई, तुम्ही तरी वाचलंय का?"

हात डोक्यावरच थांबला.