कोंड्याच्या मोलाची लेक

सकाळी सहाला टँकर यायचा. लहान मुलांच्या रक्तविकार वॉर्डाला त्यातल्या अठरा बादल्या मिळायच्या आणि त्यांची वाटणी सरजा सिस्टर स्वतः करायच्या. दुसऱ्या कुणावर त्यांचा भरवसाच नव्हता. फरशीला दोन, भांड्यांना दोन, आणि ज्या लेकरांच्या अंगात पांढऱ्या पेशी उरल्या नाहीत त्यांच्याजवळ जाणाऱ्यांचे हात धुवायला लागेल तितकं. त्यात कुणी हात आखडला, की सिस्टर भर वॉर्डात त्याची बिनपाण्यानं करायच्या.

२०१६ चा एप्रिल. मांजरा धरणाच्या तळाला भेगा पडलेल्या, लातूरला पाणी रेल्वेनं यायचं. वॉर्डातल्या कोंडामावशी शिरूर अनंतपाळच्या. पेपर चाळता चाळता म्हणायच्या, "आमचं शिरूर नव्या उदगीर जिल्ह्यात जाणार म्हणतेत. पाणी कुठल्या जिल्ह्यात हाय, ते कुणी सांगंना."

दहा खाटा. त्यातल्या चार परदेशी लेकरांच्या. येमेन, सुदान, टांझानिया... एवढ्या लांबून लातुरात कशाला, असं नवखा माणूस विचारायचाच. कारण साधं होतं. इथले डॉक्टर मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरचं काम पंधरा वर्षं विलायतेत करून गावी परतले होते, आणि नांदेडला शिकायला आलेल्या परदेशी पोरांनी त्यांचं नाव आपापल्या देशात पोचवलं होतं.

चौथ्या खाटेवर येमेनची अफनान होती. वय नऊ. तिच्या हाडांतल्या मगजात रक्त तयार व्हायचंच थांबलं होतं. दोघे भाऊ याच दुखण्यानं गेलेले. आई हयाम मोडकीतोडकी हिंदी बोलायची आणि बाकीचा वेळ लेकीचे तळवे चोळत बसायची. प्लेटलेट दीड लाखाच्या वर पाहिजेत, पोरीच्या सहा हजार. औषधाला गुण यायला तीन-चार महिने लागतात, आणि येईलच असं नाही. डॉक्टरांनी हे हयामला नीट समजावून सांगितलं होतं.

तो माणूस पहिल्यांदा आला मार्चमध्ये, भर दुपारी दीडला. सगळा वॉर्ड पेंगत होता. त्यानं सुदानच्या मूसाची चौकशी केली. पोराचं, बापाचं, आज्याचं नाव, सगळं बिनचूक. "भेटायची वेळ चारची हाय," कोंडामावशींनी सांगितलं. चारला तो आला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मूसा गेला. पंधरा दिवसांनी त्यानं टांझानियाच्या पोरीचं नाव घेतलं. तीही एका दिवसात गेली.

"कावळा बसायला आन् फांदी मोडायला," सिस्टर म्हणाल्या. "मूसाला आठवडाभर ताप होता. ती पोर आली तीच शेवटच्या घटका मोजत. माणूस कुण्या संस्थेचा असंल."

सिस्टर मूळच्या कंधारच्या. वडलांनी छप्पन साली धम्म घेतला आणि त्याच आठवड्यात देव्हारा उतरवला. घरात उतारा, अंगारा हे शब्दसुद्धा चालायचे नाहीत. सिस्टरनी तेच आयुष्यभर पाळलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

मग एका मंगळवारी कोंडामावशी कपाळाचा घाम पुसत आल्या. "सिस्टर, त्यो आला होता. आज अफनानचं नाव घेऊन इचारत होता."

त्याच दुपारी पोरीच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. कापसाचे बोळे भिजत होते, थांबत नव्हतं. प्लेटलेटची पिशवी सोलापूरहून निघालेली, वाटेत होती.

"माझ्या आदी तीन लेकरं गेली," कोंडामावशी हळूच म्हणाल्या. "मी झाले तवा आईनं मला शेजारणीला कोंड्याच्या मोलानं इकलं. कोंडा घेतला, लेकरू दिलं. नाव ठिवलं कोंडा. कचऱ्याच्या मोलाचं लेकरू कोण न्यायला येतंय? साठ वर्षं झाली, बसले न्हवं तुमच्यापुढं?"

"मावशी, हे दवाखान्यात बोलू नका."

पण हयामनं ऐकलं होतं. तिनं काय ते विचारलं, मावशींनी हातवारे करून सांगितलं, आणि हयाम लगेच मान हलवायला लागली. ज्याचं जळतं त्याला कळतं. दोन पोरं पुरलेल्या बाईला अंधश्रद्धा काय सांगणार? सिस्टरनी पोरीच्या तोंडातला सातवा बोळा बदलला आणि विचारलं, "कुणी घ्यायचं लेकरू?"

"जिचं लेकरू जितंजागतं हाय तिनं. माझा एकुलता गेला. तुमची क्षेमा हाय. लेकरू घरी जायला निघालं, की कोंडा वापस घ्यायचा आन् पोर आईच्या हवाली करायची."

क्षेमा सिस्टरची एकुलती एक. सतरा वर्षांची, लातुरातच बारावीचे क्लास करत होती.

गिरणीतून कोंडा आला. त्याची धूळ पोरीच्या छातीत गेली तर जंतू होतील, म्हणून सिस्टरनी तो निर्जंतुक करायच्या यंत्रातून काढला. स्वतःवरच हसू येत होतं. मूठभर कोंडा हयामच्या ओंजळीत ओतला, तिनं तो ओढणीत बांधून ठेवला आणि लेकीचा हात सिस्टरच्या हातात दिला. फाईल, हातातली पट्टी, रक्ताचे नंबर सगळं तसंच ठेवलं. फक्त खाटेच्या पाटीवर लिहिलं, कोंडा.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता सिस्टर टेबलाशी बसल्या होत्या. बाहेर त्रेचाळीस अंश. तो आत आला. पांढरा लांब बाह्यांचा शर्ट, तेल लावून नीट बसवलेले केस. शर्टावर घामाचा टिपूस नव्हता.

"पाणी देऊ?" सिस्टरच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"नको. तुमच्याकडं आधीच कमी हाय." मग त्यानं नाव घेतलं. अफनान सालेह. वॉर्डात कुणालाच जमायचं नाही तसं, थेट हयामसारखं.

"अशी कुणी इथं न्हाई."

तो एकेक पाटी वाचत गेला. चौथ्या खाटेशी थांबला. "ही कुणाची?"

"माझी. माझी लेक हाय."

"तुम्हाला तर एकच होती."

सिस्टर उठून मध्ये आल्या. "ही दुसरी," त्या म्हणाल्या.

"बरं झालं सांगितलं," तो म्हणाला आणि शांतपणे निघून गेला.

चार दिवसांत हिरड्या सुकल्या. प्लेटलेट वीस हजार, मग पन्नास, मग नव्वद. औषध लवकर लागू पडलं, डॉक्टर खूश झाले. सिस्टरनीही स्वतःला तेच बजावलं. वॉर्डात पेढे वाटले.

फक्त पोर आता अफनान म्हटलं की वळून बघायची नाही. कोंडा म्हटलं की ओ द्यायची. मराठी बोलायला लागली, आणि तीही लातूरची नव्हे, सिस्टरच्या माहेरची, कंधारची. हयाम तिच्याशी अरबीत बोलायची, गायची, शेवटी रडायची. एकदा पोरीनं सिस्टरचा पदर ओढला आणि विचारलं, "आई, ही बाई कामून रडून राहिली?"

हयामला मराठी येत नव्हती. तरी तिनं तोंड फिरवलं.

मे संपता संपता क्षेमा क्लासहून आली ती पायाला निळे डाग घेऊन. "कुठं आपटलीस गं?" "कुठंच न्हाई." दुसऱ्या दिवशी दात घासताना रक्त. सिस्टरनी स्वतः सुई टोचली आणि रिपोर्टही स्वतःच आणला. अकरा हजार.

"दोन दिवसांत प्लेटलेट अशा उतरत नाहीत," डॉक्टर दोनदा म्हणाले. क्षेमाला पाचवी खाट मिळाली, कोंडाच्या शेजारची.

आगीतून फुफाट्यात! सिस्टर त्या रात्री घरी गेल्याच नाहीत. त्याला आपणच सांगितलं होतं, आपल्याला दोन लेकी आहेत म्हणून. दोन असल्या, की एक नेता येते.

सकाळी नांदेडला शिकणारा हयामचा भाऊ गाडी घेऊन आला. पोरीला आज घरी सोडणार होते. सिस्टर हयामला बाजूला घेऊन गेल्या आणि हात पुढं केला. "कोंडा दो. अपनी बेटी लो. अभी."

कोंडा परत घेतला की ही पोर पुन्हा अफनान होणार. आणि अफनानला न्यायला कोण येणार, हे सिस्टरना पक्कं ठाऊक होतं. नऊ वर्षांचं लेकरू आपण मरणाच्या दारात परत ठेवून राहिलोय. लाज वाटत होती. तरी हात मागं घेतला नाही.

हयाम त्या रिकाम्या हाताकडं बघत राहिली. मग पाचव्या खाटेकडं बघितलं. तिला सगळं कळलं.

"दो मिट्टी में दिए," ती म्हणाली. "ये जिंदा रहे. किसीकी भी रहे."

तिनं आपले दोन्ही हात पाठीमागं घेतले. चौथ्या खाटेशी जाऊन पोरीच्या कपाळाला ओठ लावले. पोरीनं अनोळखी बाईनं लावल्यासारखं कपाळ पुसलं. हयाम बाहेर पडली. सिस्टर जिन्यापर्यंत धावल्या, ओरडल्या, तोवर गाडी निघून गेली होती.

दीड वाजला.

वॉर्ड पेंगत होता. पंखा फिरत होता. तो दारात उभा होता.

"दोन खाटा तुमच्या," तो म्हणाला. "मला एकच न्यायचीय. कोणती, ते तुम्ही सांगा."

सिस्टर दोन खाटांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

क्षेमा झोपली होती. ओठाच्या कोपऱ्यात रक्त सुकलं होतं.

चौथ्या खाटेवरची पोर उठून बसली. तिनं आधी सिस्टरकडं बघितलं, मग त्याच्याकडं. आणि शेजारच्या खाटेकडं बोट केलं.

"आदी थोरली," ती म्हणाली.