हरणी ज्याच्या मागं पळाली

आकाराम घाटाच्या शेवटच्या पायरीवर पालथा पडला होता. निम्मं तोंड पंचगंगेत, कवटी मागून फुटलेली. शेजारी लोखंडी पाना. पान्यावर ठोकून ठोकून नाव कोरलेलं: निसार.

इन्स्पेक्टर धैर्यशील शिंत्रेनं नाव वाचलं आणि जांभई दिली. मढी बघून बघून मढ्याची किंमतच राहिली नव्हती त्याला. पूर्वी राग यायचा. पण खऱ्या गुन्हेगाराला धरलं की वरून फोन यायचा, सोडावा लागायचा. मग त्यानं वर चिडायचं सोडलं. खाली, हाताला लागेल त्याच्यावर काढायला लागला.

आकाराम म्हैसवाला. गंगावेशीच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळता ग्लास हातात द्यायचा, हा त्याचा धंदा. रोज पहाटे तो हरणीला नदीवर न्यायचा. तो मोटरसायकलवर पुढं, म्हैस मागं पळत. दिवाळी पाडव्याला पेठेत म्हशी गाडीमागं पळवतात, त्यात हरणीला जोड नव्हती.

आज घाटावर मोटरसायकल नव्हती. हरणीही नव्हती.

घरी आकारामची आई, धोंडुबाई, भिंतीला टेकून बसली होती. गुडघे गेलेले. उंबरा ओलांडायचा तरी दोघांनी धरावं लागे.

"म्हस कुठाय, आजी?"

"दावणीला. मी जागी झाले तवा बांधल्यालीच हुती. पाय चिखलानं भरल्यालं."

"आकारामचं कुणाशी वाकडं होतं?"

"काल सकाळी कट्ट्यावर ह्या इश्वजितला हाणलं त्यानं. रेडकू मेल्यापास्नं हरणी पान्हा सोडंना, तर ह्या मुडद्यानं चोरून इंजेक्शन दिलं तिला!"

"आजे, घरातलं ते घरात," पुतण्या विश्वजित मध्येच बोलला. "साहेब, मी वैरणीचा टेम्पो घेऊन येत हुतो. काकाच्या गाडीवर निसार मेस्त्री बघितला. घाटावरनं निघाला, सरळ गडमुडशिंगीच्या रोडला लागला."

"अंधारात ओळखलास?"

"त्या गाडीचा आवाज काय लपतोय व्हय? आन् क्लचवरनं काकाचं नि त्याचं परवा जुंपलं हुतं की."

"गाडी दुरुस्त होऊन कधी आली?"

"काल दुपारी. मीच आणली."

मोबाईल वाजला. वरचे साहेब. पाडवा तोंडावर आलाय, पेठ पेटायच्या आत आरोपी दाखवा.

पाना होता, भांडण होतं, साक्षीदार होता. आणि नाव निसार होतं. एवढ्यावर ह्या देशात माणूस आत जातो.

गडमुडशिंगीच्या रस्त्यावरच्या गॅरेजमागं मोटरसायकल सापडली. चेनीत ओल्या वैरणीची पाती गुंतलेली. धैर्यशीलनं पाती बघितली आणि पुढं गेला. आत निसार एका इंजिनाला डावा कान लावून बसला होता. बिघाड तो कानानंच शोधायचा. तसाच उचलून ठाण्यात आणला त्याला.

"पाना तुझा?"

"माझाच. काल दुपारपास्नं सापडंना झाला."

"आणि गाडी?"

"अल्लाशप्पत ठावं न्हाय, साहेब. मी मागं गेलतोच कुठं?"

"भांडलास का नाही त्याच्याशी?"

"भांडलो की! आकारामसंगं कोण भांडत न्हाय? पर आमची पोरगी मदिहा झाली त्या वक्ताला त्यानं रोज दूध पोचवलं, फुकट. त्याला मी मारीन?"

धैर्यशीलचा हात उठला. डाव्या कानाखाली. मग पुन्हा, तिथंच.

निसारनं कान दाबला. बोटांच्या फटीतून रक्त आलं. तो ओरडला नाही. मान वळवून उजवा कान पुढं केला, साहेबाचा पुढचा प्रश्न ऐकू यावा म्हणून.

तेवढ्यात बाहेर दंगा उठला.

"साहेब, भाईर या! म्हस!"

हवालदार सयाजी आकारामच्या मोटरसायकलवर बसून आवारात घुसला होता. मागं, तोंडाला फेस, गळ्यात तुटकं दावं, हरणी.

"जप्तीची गाडी, म्हटलं टेम्पो कोण हुडकतंय, चालवतच आणली," सयाजी धापा टाकत म्हणाला. "गंगावेशीतनं वळलो, तर ही बया दावं तोडून मागं! बायको कधी एवढी मागं आली न्हाय माझ्या."

सगळं ठाणं हसलं. फाटकाशी सकाळपासून उभी असलेली निसारची बायको मेहमुदा हसली नाही. धैर्यशीलही हसला नाही. त्याच्या तळहाताला अजून झिणझिण्या होत्या.

मागोमाग विश्वजित धावत आला, हातात कासरा.

"थांब," धैर्यशील म्हणाला. "ही कुणाच्या मागं पळते?"

"काकाच्या. दुसऱ्या कुणाकडं ढुंकून बघत न्हाय."

"आत्ता तर सयाजीमागं आली. काकाच्या नाही, गाडीच्या आवाजामागं पळते ती. तू म्हणतोस ही गाडी निसारनं गडमुडशिंगीला नेली. मग हरणी गडमुडशिंगीत सापडायला पाहिजे होती. घरी कशी आली?"

"आपली आपण आली असंल."

"आणि दावंही आपलं आपण बांधलं? घरात दुसरी फक्त आजी. ती दावणीपर्यंत जाते का?"

विश्वजित कासरा हाताला गुंडाळत राहिला.

"मी सांगतो. घाटावरनं ही गाडी निघाली ती घरी आली, म्हणून म्हैस घरी आली. तुला वाटलं होतं, काका पडला की ती त्याच्यापाशी थांबेल. तिथंच चुकलास. तू किक मारलीस आणि ती निघाली तुझ्यामागं. अख्ख्या पेठेनं ओळखावी अशी म्हैस मागं घेऊन निसारच्या दारात जाणार कसा? घरी आलास, तिला बांधलंस. आता गाडी चालू करायची सोय नाही. ढकलत टेम्पोत चढवलीस, वर वैरण टाकलीस. चेनीत पाती अजून आहेत. गाडी गॅरेजातनं आणायला तू गेलास, आणि त्याच दुपारपासून पाना गायब. एका इंजेक्शनसाठी काका मारलास?"

"इंजेक्शनसाठी न्हाय!" विश्वजित फुटला. "कट्ट्यावर चारचौघांत कानाखाली मारली त्यानं. गिऱ्हाइकं दात काढत हुती. रातभर कानात त्योच आवाज, साहेब. मारणाऱ्याला काय, हात झटकून मोकळा!"

धैर्यशीलनं हात खिशात घातला.

विश्वजितला आत नेलं. निसारला बाहेर आणलं. मेहमुदानं ओढणीच्या टोकानं त्याच्या मानेवरचं रक्त पुसलं.

"साहेब," सयाजी हळूच म्हणाला, "डाक्टरला काय कळवू? जिन्यावरनं पडला म्हणून? नेहमीसारखं?"

सगळं आज सकाळीच समोर होतं. चिखल, दावं, पाती, म्हातारीचं बोलणं. मूर्ख माणसाला दिसलं नसतं. ह्यानं बघितलं होतं आणि सोडलं होतं.

"लिही. इन्स्पेक्टर शिंत्रेनं मारलं."

"साहेब, नोकरी जाईल..."

"लिही म्हटलं ना!"

"लिवल्यानं कान येतोय व्हय परत?" मेहमुदानं विचारलं. तिचा आवाज चढलाही नव्हता. "कानावर प्वाट हाय ह्येंचं."

दोघं फाटकाकडं निघाली. हरणी बंद गाडीपाशी उभी होती, पुन्हा सुरू व्हायची वाट बघत.

"निसार!" धैर्यशीलनं हाक मारली. माफीचा शब्द पहिल्यांदाच तोंडात आला होता.

मेहमुदानं वळून बघितलं. निसार चालतच राहिला. हाक डाव्या बाजूनं आली होती.